मोरसची साखर

माझी आजी साखरेला साखर म्हणत नसे, मोरस म्हणे. "पाव्हणं आल्यात, च्यात आज गूळ नको, मोरस घाल," असे ती आईला सांगायची. पुढे बिद्रीला साखर कारखान्याची चिमणी उभी राहिली, सभासदांच्या घरी कारखान्याची साखर येऊ लागली, तरी म्हातारीच्या तोंडचा शब्द काही बदलला नाही. मोरस म्हणजे मॉरिशस, हे मला शाळेत नकाशा पाहताना कळले. एकोणिसाव्या शतकात त्या बेटाची पांढरी साखर जहाजाने मुंबईला येई आणि तेथून घाट चढून आमच्या फडताळात येऊन बसे. ती साखर पिकविण्यात आपल्याकडचीही माणसे राबली होती, हे मात्र आजीला कुणी सांगितले नव्हते.

श्रोतेहो, हे बेट हिंदी महासागरात आहे. आपला कोल्हापूर जिल्हा त्याच्या चौपट भरेल. इंग्रजांनी १८३५ साली तेथील गुलामगिरी बंद केली, आणि उसाच्या मळेवाल्यांना मजूर कमी पडू लागले. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरात उतरले होते. त्यानंतर रीघच लागली. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई ह्या तिन्ही बंदरांतून मिळून साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा ह्या बाजूंची मराठी माणसे होती. ज्या दगडी पायऱ्या चढून ही माणसे बेटावर आली, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो.

करार पाच वर्षांचा असे. त्यांतले एक कलम ध्यानात ठेवा, पुढे आपल्याला त्याची गरज लागेल. मजूर एक दिवस कामावर आला नाही, तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

अशा माणसांचे बेट वर आले कसे? गिरण्या आणि हॉटेले फार उशिरा आली. आधी आली जमीन. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले, तेव्हा मळेवाल्यांनी कडेकडेचे हलके तुकडे विकायला काढले. मजुरांनी पोटाला चिमटा घेऊन ते विकत घेतले, दगड वेचून ढीग घातले आणि स्वतःचा ऊस लावला. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजी तेथे थांबले. मुलांना शिकवा आणि सार्वजनिक कामात पडा, हेच त्यांचे सांगणे होते. नंतर गंमत अशी झाली, की १९४७ च्या सुधारणेने मताचा हक्क मिळाला तो बेटावरच्या एखाद्या भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता येणाऱ्यांना. मग काय, गावोगावच्या बैठकांतून संध्याकाळी दिव्याभोवती बाया-बापड्या अक्षरे गिरवू लागल्या. भाषा जपायची म्हणून सुरू झालेली शिकवणी अशी मतपेटीपर्यंत पोचली. १९५९ मध्ये सर्वच प्रौढांना मत मिळाले आणि १२ मार्च १९६८ रोजी बेट स्वतंत्र झाले.

ह्या बेटाचे काही खरे नाही, असे पुष्कळ जाणत्यांना वाटत होते. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड ह्यांनीही १९६१ च्या आपल्या अहवालात वाढती लोकसंख्या आणि एकट्या उसावरची भिस्त पाहून काळजीच व्यक्त केली होती. पण १९७० मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी खास कायदा झाला. १९७५ पासून युरोपने वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर चढ्या, ठरलेल्या भावाने घ्यायचे कबूल केले. त्या साखरेच्या पैशातला काही भाग कापडाच्या गिरण्यांत आणि हॉटेलांत गेला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. म्हणून युरोपने २००६ पासून साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये तो करारच संपला, तेव्हा बेट हादरले खरे, पण बुडाले नाही. एके काळी दोनशेंहून अधिक असलेले साखर कारखाने आता बोटांवर मोजण्याइतके उरले. ते आपल्यासारखेच बगॅसपासून वीज काढतात.

सगळेच तेथे गोड आहे, असे मी म्हणणार नाही. मोठे कारखाने बहुतांशी जुन्या गोऱ्या घराण्यांच्याच हाती राहिले. सहकाराने शेतकऱ्याला कारखान्याचा मालक केले, ही आपली मिळकत त्यांना लाभली नाही. लहान शेतकरी ऊस सोडतो आहे, रानं पडीक पडताहेत. आणि कापडगिरण्यांत आता बांगलादेशचे मजूर करारावर येतात! मराठी माणसे तेथे शंभरात दोनसुद्धा नाहीत. घरात क्रिओल बोलतात. तरी गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, कोकणातल्या जाखडीचा नाच झाकरी म्हणून टिकला आहे, शाळेत मराठी हा विषय घेता येतो. घरातून गेलेली भाषा शाळेने किती धरून ठेवावी? मला शंका वाटते. पण तेथील पोर शाळेत आहे, हे मी आधी मोजतो.

कारण आता आपल्या रानाकडे वळायचे आहे. दिवाळी झाली की बीडकडून टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली, ती फिटेतो सुटका नाही. बाई आजारी पडून एक दिवस तोडीला गेली नाही, तर खाडा धरतात, आणि खाड्याची कपात कित्येकदा दिवसाच्या मजुरीहून जास्त असते. ते पाच वर्षांच्या करारातले कलम आठवले ना? आपण कारखान्याचे मालक झालो. कलम कुणाच्या वहीत लिहिले जाते, ते मात्र पाहिले नाही. त्यात मीही आलो.

गेल्या हंगामात माझ्या फडात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी वाढ्यांच्या पेंढ्या बांधीत होती. कडेवर भाऊ. बांधावर पडलेल्या खताच्या पोत्यावरचा मजकूर ती मोठ्याने, न अडखळता वाचत होती. "कितवीत गं?" म्हटले. "पाचवीत. दिवाळीपर्यंत." मुकादमाला विचारले, तर तो म्हणाला, "अण्णा, भावाला कोण सांभाळणार?"

ह्या वर्षी आम्ही चार-पाच शेतकऱ्यांनी टोळी यायच्या आत शाळेत जाऊन मास्तरांना भेटायचे ठरवले आहे. हंगाम संपेतो ह्या मुलांना वर्गात बसू द्या, दुपारच्या खिचडीत त्यांचाही वाटा धरा, एवढेच मागणे आहे. धाकट्या भावंडांना दिवसभर सांभाळायला गावातली एक म्हातारी तयार झाली आहे. तिचा पगार आम्ही टनामागे थोडे थोडे काढून द्यायचा, की मुकादमालाही त्यात ओढायचे, ह्यावर अजून आमचे एकमत झालेले नाही.