ढाल कुणापुढं?



शत्रूवर बोलायला आपल्याकडं वक्ते पुष्कळ आहेत. मी आज आपल्या आपसातल्या बोलण्यावर बोलणार आहे.

आपल्या पोराला कुणी आडनाव विचारलं की त्याची छाती ताठ होते, जबाब तोंडात तयार. ही सवय आपण हौसेनं लावून घेतलेली नाही. गावानं, शाळेनं, कचेरीनं ती लावली. ती नसती तर आपण केव्हाच चिरडलो असतो. तेव्हा तिला शिव्या घालायला मी उभा नाही. सवाल असा, की ही ढाल आपण घरात आणि बैठकीतही का पुढं करतो? बायको म्हणते, "सभेला जाता, पण पोराला ताप आलाय त्याची खबर नाही." आपण उसळतो, "तुला चळवळ काय कळते!" कार्यकर्त्यानं वर्गणीचा हिशेब मागितला की तो फितूर. साला, पोराचा ताप तसाच, हिशेबही तसाच.

फलटणच्या बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपात आलं. त्याआधी कित्येक वर्षं बाईंनी ते लिखाण लपवून ठेवलं होतं. कुणापासून? सवर्णांपासून नव्हे, नवऱ्यापासून. आपल्या ढालीची धास्ती कुणी घेतली, ते बघा.

बुद्धानं राहुलला विचारलं होतं, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी. मग करण्याआधी, करताना, केल्यावर स्वतःकडं तसंच बघ, असं सांगितलं. चूक दिसली तर सोबत्यांपुढं उघडी करायलाही सांगितलं. आपण वंदना पाठ म्हणतो, पण हा आरसा भिंतीकडं तोंड करून ठेवतो.

कानशिलं तापली, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत जबाब जिभेवर आला, की समजा ढाल उचलली गेली. त्या घटकेला एवढंच बघा : बोलणारा कोण आहे, आणि त्याला माझं काय व्हावंसं वाटतं? त्यानं जात काढली असेल तर ढाल उचलाच. तिथं मी तुमच्या बाजूला आहे.

गोदीत क्रेनला टांगलेला माल डोक्यावर झुलतो. सोबती ओरडतो, "हट की रे भाड्या!" तेव्हा कुणी शिवीचा जाब विचारत बसत नाही, आधी बाजूला होतो. शिवीचं भांडण नंतर, चहावर. घरातलं ओरडणं पुष्कळदा याच जातीचं असतं.

पुढच्या बैठकीत वर्गणीचा सवाल येणार आहे. ज्यांच्याकडं वह्या आहेत त्यांनी त्या घेऊन यावं.