बारा वर्षं ड्युटी केल्यावर परत कॉलेज?

बसमध्ये इअरफोन लावून बसला असाल, नाहीतर नाईट संपवून रूमवर चहा टाकला असेल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

मी देवरीहून बोलतेय. गोंदिया जिल्ह्यातला, छत्तीसगडच्या सीमेला लागलेला आमचा तालुका. मी स्टाफ नर्स. बारावीनंतर जीएनएम केलं, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी. नोकरीला 12 वर्षं झाली. आता एमएस्सी करायचं म्हणते, तर ज्युनिअर पोरी विचारतात, "ताई, परत काहून शिकता? इंजेक्शन तर तसंच द्यायचं आहे ना?"

प्रश्न बरोबर आहे, म्हणून नीट उत्तर देते.

आधी नियम. एमएस्सी नर्सिंग 2 वर्षांचं, पूर्णवेळ. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांनुसार बीएस्सी किंवा पोस्ट बेसिकला 55 टक्के, नोंदणी आणि किमान 1 वर्षाचा अनुभव लागतो. विषय पाच: मेडिकल-सर्जिकल, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, प्रसूती-स्त्रीरोग आणि सामुदायिक आरोग्य. कुणी "घरबसल्या एमएस्सी करून देतो" म्हणालं, तर पैसे देऊ नका. दूरशिक्षणातल्या एमएस्सी नर्सिंगला कौन्सिलची मान्यता नाही.

पण एमएस्सी हा एकच रस्ता नाही. आयसीयूत रमणाऱ्यांसाठी नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर आहे, 2 वर्षांचा. त्यात शिकणं बरंचसं वॉर्डातच होतं. बाळंतपणात हात बसलेल्यांसाठी नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी आहे, 18 महिन्यांचा. केंद्र सरकारने 2018 मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आणि एकाच कामात पक्कं व्हायचं असेल, उदाहरणार्थ नवजात बाळांची किंवा कॅन्सर रुग्णांची शुश्रूषा, तर 1 वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा.

आता जे माहितीपत्रकात लिहीत नाहीत, ते सांगते. एमएस्सी झालं म्हणून वॉर्डातला पगार आपोआप वाढत नाही. या पदवीचा सरळ रस्ता जातो शिकवण्याकडे. म्हणजे पेशंटचा हात धरून काम शिकलेली बाई वर्गात जाते आणि वॉर्डात तिच्या जागी नवी मुलगी उभी राहते. हे मला खुपतं. तरीही वाटतं, की ज्यांनी खेड्यातली नाईट एकटीने काढली आहे, त्यांनीच उद्याच्या पोरींना शिकवावं.

मी सामुदायिक आरोग्य निवडणार आहे. कारण सिकलसेल. आपल्या विदर्भात घराघरात हा आजार आहे. 2023 च्या जुलैत राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, तपासण्या वाढल्या. पण रिपोर्ट हातात दिल्यावर काम संपत नाही. लग्नाच्या वयाच्या पोराला "तू वाहक आहेस" म्हणजे नेमकं काय, तो आजारी नाही, पण जोडीदारही वाहक निघाली तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के, हे त्याच्या आईसमोर, तिच्या बोलीत सांगावं लागतं. ते मी अनुभवाने करते. कोणत्या गावात किती कुटुंबं तपासणीनंतर परत येतच नाहीत आणि का, हे शोधायची पद्धत मात्र मला शिकायची आहे.

मग पैशाचं काय? घर माझ्या पगारावर आणि थोड्या धानावर चालतं. मी कायम नोकरीत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती मंजूर करून घ्यावी लागते आणि परत येऊन नोकरी करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. कंत्राटी ताईंना मात्र हा आधार नाही. माझ्यासोबतची एक जण माझ्याहून हुशार आहे, पण 2 वर्षं बिनपगारी राहणं तिला जमणारं नाही. तिच्यासाठी 1 वर्षाचा डिप्लोमा जास्त शहाणपणाचा, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

तुम्हीही विचार करत असाल, तर फॉर्म भरण्याआधी तीन गोष्टी करा. कॉलेजची मान्यता कौन्सिलच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. रजेबद्दल आस्थापना शाखेत लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. आणि घरी बसून 24 महिन्यांचा हिशेब वहीवर मांडा, लेकरांच्या फीसकट.

हिशेब जुळला तर चला सोबत. मला चाळिशीच्या उंबरठ्यावर होस्टेलात एकटं वाटेल बाप्पा!