टोरबेचा किनारा : टर्नरचें एक समुद्रचित्र

विजयी राजपुत्राच्या आगमनाचें चित्र म्हटलें कीं उन्नत मस्तकाचा वीर, फडकणारीं निशाणें आणि स्वागतास लोटलेला जनसमुदाय असा देखावा श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहील. जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर (१७७५–१८५१) या इंग्रज चित्रकारानें १८३२ सालीं लंडनच्या रॉयल अकॅडमींत मांडलेलें चित्र मात्र निराळें आहे. ऑरेंजचा राजपुत्र विल्यम हॉलंडहून निघून वादळी प्रवासानंतर टोरबे येथें उतरला, हा त्याचा विषय. पण पाहणाऱ्याची नजर प्रथम खिळते ती खवळलेल्या लाटांवर आणि विस्तीर्ण आकाशावर. राजपुत्राची होडी त्या पसाऱ्यांत लहानशीच दिसते.

असें कां, हें समजण्यासाठीं १६८८ सालाकडे वळलें पाहिजे. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स हा कॅथलिक पंथाचा. त्याला त्या वर्षीं पुत्र झाला आणि कॅथलिक राजवंशच कायम होणार या भीतीनें सात प्रमुख पुढाऱ्यांनीं विल्यमला पत्र लिहून पाचारण केलें. विल्यम हा जेम्सचा जांवई आणि भाचाही. त्यानें चारशेंहून अधिक जहाजें जमविलीं. शंभर वर्षांपूर्वीं, १५८८ सालीं, इंग्लंडवर चालून आलेलें स्पेनचें प्रसिद्ध आरमार सुमारें एकशें तीस जहाजांचें होतें, यावरून या मोहिमेचा व्याप ध्यानीं येईल.

परंतु शिडांच्या जहाजांना सेनापतीहून मोठा धनी असतो, तो वारा. ऑक्टोबरांतील पहिलें प्रस्थान वादळानें उधळून लावलें आणि आरमाराला माघारीं फिरावें लागलें. नोव्हेंबरच्या आरंभीं पूर्वेचा वारा सुटला. त्यानेंच विल्यमचीं जहाजें इंग्लिश खाडींतून पश्चिमेकडे नेलीं, आणि त्यानेंच राजा जेम्सचें आरमार टेम्स नदीच्या मुखाशीं अडकवून ठेवलें. डच जहाजें टोरबेच्या पुढें निघून जाण्याचा प्रसंग आला, तोंच वारा फिरला आणि तीं उपसागरांत शिरलीं. लोकांनीं या अनुकूल वाऱ्यास ‘प्रॉटेस्टंट वारा’ असें नांव दिलें. टर्नरनें चित्राच्या नांवांत ४ नोव्हेंबर हा दिवस घातला आहे. इंग्लंडांत तेव्हां चालू असलेल्या पंचांगाप्रमाणें विल्यम उतरला तो ५ नोव्हेंबरला. डिसेंबरांत जेम्स फ्रान्सला पळाला, आणि १६८९ सालीं विल्यम व मेरी यांचें राज्य सुरू होऊन राजसत्तेस पार्लमेंटच्या मर्यादा घालणारा हक्कांचा कायदा झाला.

टर्नरचें चित्र प्रदर्शनांत आलें त्याच १८३२ सालीं मतदानाचा हक्क वाढविणारा सुधारणा कायदा संमत झाला. देश त्या वादानें ढवळून निघालेला असतांना १६८८ ची आठवण प्रेक्षकांना अर्थपूर्ण वाटली असल्यास नवल नाहीं. तरीही चित्रकारानें जयघोष केला नाहीं. डच समुद्रचित्रकारांचा त्याचा अभ्यास दांडगा होता. डच राजपुत्राची कथा सांगतांना लाटेचें वजन आणि ढगांची घाई त्यानें त्यांच्याच परंपरेला शोभेल अशी रंगविली. मनुष्याचा निश्चय होडींत आहे. ती तीराला लागेल कीं नाहीं, हें मात्र पाण्याच्या हातीं आहे.

प्रदर्शनाच्या सूचींत टर्नरनें या चित्राखालीं एक टीपही छापविली. राजाला घेऊन आलेली नौका पुढें अनेक हातांतून गेली, हल बंदराच्या व्यापारांत माल वाहूं लागली आणि शेवटीं हॅम्बुर्गजवळच्या वाळूंत फुटली, असें तींत म्हटलें आहे. विजयाच्या चित्राखालीं नौकेच्या अंताची वार्ता! सातच वर्षांनीं, १८३९ सालीं, ट्रफाल्गरच्या लढाईंत गाजलेलें ‘टेमेरेअर’ हें जहाज मोडीसाठीं ओढून नेलें जात असल्याचें चित्र त्यानें मांडलें. त्याचें बीज या टिपेंत दिसतें.

१८४७ सालीं रॉबर्ट व्हर्नन या संग्राहकानें टोरबेचें हें चित्र राष्ट्रास अर्पण केलें, आणि आज तें टेट संग्रहालयाच्या मालकीचें आहे. विल्यमला सिंहासन मिळालें, पार्लमेंटला अधिकार मिळाले. ज्या नौकेनें हें घडविलें, तिला वाळूंत विसांवा मिळाला. इतिहासानें पहिल्या दोहोंची नोंद ठेवली; तिसरीची आठवण एका चित्रकारानें ठेवली.