चोर्ल्याच्या रानातला एक बिंदू



पेडणे, डिचोली, सत्तरी, दोडामार्ग, खानापूर, सगळीकडून तुम्ही आलात. म्हणून आज अशा एका जागेबद्दल बोलतो, जी आपल्या सगळ्यांच्या मधे आहे, पण आपल्यातल्या बहुतेकांनी कधी शोधलेली नाही.

साखळीहून केरी, तिथून चोर्ला घाट, पुढे जांबोटी आणि बेळगाव. हा रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे. (केरी म्हणजे सत्तरीतली, पेडण्यातली नव्हे!) या घाटाच्या डोंगरात गोव्याची सत्तरी, महाराष्ट्राचा दोडामार्ग आणि कर्नाटकाचा खानापूर हे तीन तालुके एकमेकांना भिडतात. तीन राज्यांच्या सीमा जिथे मिळतात, तो त्रिबिंदू इथलाच.

तुम्ही म्हणाल, रानातल्या एका ठिपक्यात काय एवढं? 2017 आठवा. डोकलामला भारत आणि चीनचं सैन्य जून ते ऑगस्ट समोरासमोर उभं होतं. वादाच्या मुळाशी भारत, चीन, भूतान यांचा त्रिबिंदू नेमका कुठे, हाच प्रश्न होता. चीन म्हणतो गिपमोची, भारत म्हणतो त्याच्या उत्तरेला बतांग ला. 1890 च्या करारात डोंगराचं नावही आहे आणि पाणलोटाचा नियमही आहे. एक बाजू नाव धरते, दुसरी पाणलोट. ठिपका काही किलोमीटर सरकला की खालचं अख्खं पठार इकडचं तिकडे होतं.

आपल्याकडे सैन्य नाही, पण ठिपका सरकण्याचा इतिहास आपलाही आहे. 1780 च्या दशकात डिचोली, सत्तरी, पेडणे हे मुलूख सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. 1818 नंतर बेळगावकडचा भाग इंग्रजांचा झाला. म्हणजे या डोंगरात एका बाजूला पोर्तुगीज, दुसरीकडे सावंतवाडी संस्थान, तिसरीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. तीन सत्तांची शीव खरोखरच इथे मिळत होती.

1948 मध्ये सावंतवाडी मुंबई प्रांतात विलीन झाली. बेळगाव जिल्हा त्याच प्रांतात होता. झालं, त्रिबिंदू पुसला गेला! 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं आणि तो परत आला. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज गेले, तेव्हा तो परदेशाच्या हद्दीवरचा राहिला नाही, आपल्याच देशातला झाला.

16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात तो पुन्हा पुसला जाणार होता. गोवा महाराष्ट्रात विलीन झाला असता तर इथे दोनच राज्यं उरली असती. विलीनीकरणाच्या विरोधात 1,72,191 मतं, बाजूने 1,38,170. फरक 34,021 चा. सतरा हजार अकरा जणांनी उलट मत दिलं असतं तर निकाल फिरला असता. पेडणे, डिचोली, सत्तरीत कौल विलीनीकरणाकडे होता, हेही लक्षात ठेवा.

एवढ्या वर्षांत तिथला दगड हलला नाही, झाड हललं नाही. हलले ते कागद. आणि ते अजूनही हलू शकतात, कारण या बिंदूपासून निघणाऱ्या तीन रेषांपैकी महाराष्ट्र-कर्नाटक ही रेषा आजही सर्वोच्च न्यायालयात आहे. 1967 च्या महाजन अहवालाने 264 गावं महाराष्ट्राला आणि 247 कर्नाटकाला द्यायला सांगितली. महाराष्ट्राने तो नाकारला आणि 2004 मध्ये दावा दाखल केला. मागणी 865 गावांची आहे. खानापूर महाराष्ट्रात आलं तर आपला बिंदू चोर्ल्यातून उठून दक्षिणेला जाईल. सुपा, कारवारकडची गावंही आली तर आणखी खाली.

आता खरा मुद्दा. आपली मागणी कुठल्या तत्त्वावर उभी आहे? पाटसकर सूत्रावर. खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. आपण भाषेबद्दल खूप बोलतो, सलगतेबद्दल कोणी बोलत नाही. सलगता म्हणजे माझ्या गावाची शीव पुढच्या गावाला, त्याची त्याच्या पुढच्याला, अशी साखळी. ती सीमेपासून मोजायला लागते आणि आपल्या भागात सुरुवातीची कडी या त्रिबिंदूजवळ आहे. ही कडी कुठे बसते ते आपल्यालाच दाखवता आलं नाही, तर न्यायालयात बोलायचं काय?

आणि हा प्रश्न नुसता भाषेचा नाही. म्हादई खानापुरात उगम पावते, गोव्यात वाहते. वाळवंटी दोडामार्गातल्या विर्डीकडून साखळीला येते. म्हणजे आपली सीमा पाणलोटावरून जातच नाही, नद्या कापत जाते. त्यामुळे 2018 मध्ये लवादाला पाणी वाटावं लागलं: गोव्याला 24, कर्नाटकाला 13.42, महाराष्ट्राला 1.33 टीएमसी. तिन्ही राज्यं त्याविरुद्ध न्यायालयात गेली. रेषा रानात आहे, पण तिचा हिशोब डिचोलीच्या नळाला लागतो.

मग बिंदू शोधायचा कसा? फोनवरच्या नकाशातली रेष प्रमाण धरू नका, ती ढोबळ असते. भारतीय सर्वेक्षण विभागाचा 1:50,000 चा नकाशा घ्या. पण त्यातही एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 500 मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेष म्हणजे 25 मीटर जागा! म्हणून त्याच्या जोडीला तिन्ही बाजूंच्या गावांचे गावनकाशे आणि भूमापनाच्या नोंदी हव्यात. तिन्ही नकाशे शेजारी ठेवा. शिवा जुळतात तिथे खूण करा, जुळत नाहीत तिथे दोनदा करा. वाद तिथेच असतो. हे काम टेबलावर होतं. भोवती म्हादई आणि भीमगड अभयारण्यांचं रान आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिकडे घुसायचं नाही.

आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आपल्याकडे शिवेला राखणदार असतो, देवचार असतो. त्याला नारळ कुठे देतात, दसऱ्याला सोनं लुटायला कुठपर्यंत जातात, हे लिहून घ्या, तारीख घाला, सांगणाऱ्याचं वय लिहा. हा कायद्याचा अंतिम पुरावा नव्हे, पण नकाशा कुठे तपासायचा ते यावरून कळतं.

प्रत्येकाने एकच काम घ्या. आपल्या गावाचा गावनकाशा, शाळेचं जुनं रजिस्टर, ग्रामपंचायतीचे जुने ठराव, यांतलं जे मिळेल त्याची नक्कल काढा. कागदांनीच हा बिंदू इतक्यांदा हलवला. पुढच्या वेळी तो हलेल तेव्हा त्या कागदांत आपल्या गावाचाही कागद असू दे.