आमसुलातलं डुकराचं मटण

‘पोर्क’ हा शब्द उच्चारला की मराठी घरात दोन गोष्टी होतात. काही जण तोंड फिरवतात आणि काही जण हळूच विचारतात, ‘चांगलं मिळतं कुठं?’ मी या दोन्ही गटांत एकाच वेळी नांदते. माहेर गोव्याकडचं ख्रिस्ती. वडील रेल्वेतल्या नोकरीमुळे लोणावळ्यात आले. सासर पवन मावळातलं आणि सासूबाई माळकरी.

लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं मी हा पदार्थ घरी केलाच नाही. मग सासूबाईंनीच तोडगा काढला : पातेलं वेगळं, डाव वेगळा आणि चूल मागच्या पडवीत. नवऱ्याला आणि मुलांना आवडतं ते त्यांना मिळावं, आपल्या माळेलाही धक्का लागू नये, एवढा साधा हिशेब. या तहात आमच्याकडे शिजतं ते सोलांतुलें, म्हणजे आमसुलातलं पोर्क. विंदालूला पोर्तुगिजांचा व्हिनेगर लागतो, याला मात्र आपल्या मातीतलं फळ पुरतं. गोव्यात कोकमाला भिरंड म्हणतात आणि त्याची वाळवलेली साल म्हणजे सोल. सासूबाईंच्या सोलकढीला आणि माझ्या पातेल्याला आमसुलं एकाच बरणीतली!

कृती आळशी माणसाला शोभेल अशी. चरबीचा थर असलेलं एक किलो मांस घ्या, दीड इंचाचे तुकडे करा. निव्वळ लाल मांस घेऊ नका, ते चामट होतं. आलं, दहा-बारा लसूणपाकळ्या, पाच-सहा हिरव्या मिरच्या, मिरी, हळद, तिखट आणि मीठ वाटून चोळा. सहा-सात आमसुलं त्यातच घाला, तासभर मुरू द्या. तेल नको, चरबीच सुटते. जाड बुडाचं पातेलं किंवा मातीचं भांडं घ्या; आंबट पदार्थ आहे, तेव्हा ॲल्युमिनियम टाळा. वर ताटात पाणी ठेवून मंद आचेवर दीड-दोन तास विसरून जा. लागलंच तर ताटातलं कोमट पाणी घाला. शेवटी आणखी चार-पाच आमसुलं टाकून रस दाट होऊ द्या.

घाई का नको, तर या मांसातले चिवट धागे हळूहळू विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. भडक आचेवर पाणी आटतं, धागे तसेच राहतात. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच. इथं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून मी मुंबईकर बहिणीपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त देते. (कुकर चालतो, पण मला त्यातली चव बोथट वाटते.)

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. कच्चट राहिलेल्या डुकराच्या मांसातून पट्टकृमी पोटात जातो आणि त्या कृमीची अंडी अस्वच्छ हातांतून, पाण्यातून किंवा भाजीतून पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. म्हणून उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या जनावराचं मांस स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. माहितीतल्या, स्वच्छ दुकानातूनच आणावं आणि पूर्ण शिजवावं.

एप्रिल-मेमध्ये घाटात करवंदं येतात तेव्हा मी आमसुलाऐवजी कच्ची करवंदं ठेचून घालते. चीक जावा म्हणून ती आधी मिठाच्या पाण्यात धुवावीत. पिकलेली नकोत, गोडसर होऊन बेत बिघडतो. अननस मात्र मुरवताना घालू नका, त्यातला पाचक रस मांसाचा लगदा करतो. हवाच तर शिजताना घाला.

सोबत भात हवा, तोही मऊ. आमच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 साली दिलेला इंद्रायणी याला फार छान जमतो. आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी करून ठेवा. दुसऱ्या रात्री वर साचलेली चरबी थोडी काढून मंद आचेवर गरम करायचं, बाजूला सासूबाईंचं पिठलं रटरटत असतं, आणि नऊच्या आत सगळ्यांची पानं वाढून होतात.