ओल आधी, रंग मागाहून

(साक्षरता वर्गात एका जुन्या गवंड्याने केलेले भाषण)



मी मास्तर नाही. मी गवंडी आहे. चाळीस वर्षे हातात थापी धरली. परवा गुरुजी म्हणाले, "तुमच्या धंद्यातल्या चार गोष्टी आमच्या वर्गाला सांगा." म्हणून आलो.

आज मी भिंतीच्या बुरशीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, त्यात बोलायचं काय? आपल्या कोकणात पावसाळा आला की वहाणांना बुरशी, पेटीतल्या लुगड्यांना बुरशी, शिळ्या भाकरीला बुरशी. पुसली की झालं! पण भिंतीची बुरशी तशी नाही. ती पुसली तरी परत येते. का येते, ते ऐका.

बुरशी जिवंत असते. तिचे बी फार बारीक. डोळ्यांना दिसत नाही. ते हवेत सगळीकडे असते. त्याला आपण हाकलू शकत नाही. पण शेतात बी टाकले आणि पाऊसच पडला नाही, तर ते रुजते का? बुरशीचेही तसेच आहे. ओल मिळाली की ती एकदोन दिवसांत रुजते. ओल तुटली की तिची वाढ थांबते. म्हणजे खरा शत्रू बुरशी नाही. खरा शत्रू ओल.

हे मला ठाऊक होते. तरी मी एकदा चुकलो. ती गोष्ट सांगतो.

२०२१ साली जुलैच्या २२ तारखेला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. पूर ओसरला. लोकांनी घरातला चिखल काढला. गणपती तोंडावर आले होते. जो तो म्हणे, "बाप्पा यायच्या आत रंग मारून द्या." मी एका घरी गेलो. भिंत जांभ्या चिऱ्याची, पोटभर पाणी प्यालेली. हात लावला तर गार. अशी भिंत वाळायला महिनेच्या महिने लागतात. पण कामाची घाई होती. मी तिच्यावर सिमेंटचा गिलावा ओढला. वर रंग चढवला. घर झकास दिसू लागले. मी पैसे मोजून घेतले.

दिवाळीला त्या घरच्या वहिनींनी मला बोलावले. रंगाला फोड आले होते. कोपऱ्यात काळे ठिपके पसरले होते. त्याच खोलीत त्यांचा धाकटा मुलगा झोपत असे. त्याला आधीच दमा. आता रात्रभर खोकला आणि छातीत घरघर. डॉक्टरांनी सांगितले, "ह्याला त्या खोलीत झोपवू नका." वहिनी रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "दादा, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

मंडळी, मी मान खाली घातली.

मग मी माझ्या खर्चाने तो गिलावा खरवडून काढला. उन्हाळाभर भिंत उघडी ठेवली. वाळल्यावर चुन्याचा गिलावा केला. चुन्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडते. त्या दिवसापासून मी नियम केला. ओल आधी, रंग मागाहून.

आता ओल येते कुठून? कधी कौल फुटलेले असते. कधी पन्हळ तुंबते. कधी मोरीचा नळ भिंतीच्या आत झिरपतो. कधी पागोळ्यांचे पाणी जोत्यावर आपटते. कधी अंगणातली माती भिंतीला टेकते आणि ओल खालून वर चढते. कधी चुलीची वाफ बाहेर जायला वाटच नसते. पाणी शिरते एकीकडे आणि बुरशी दिसते दुसरीकडे. आपण दिसेल तिथे रंग फासतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

एक सोपी परीक्षा सांगतो. जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घ्या. भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. दोन दिवस ठेवा. मग पाहा. भिंतीकडच्या अंगाला थेंब धरले, तर ओल भिंतीतून येते. बाहेरच्या अंगाला धरले, तर ती खोलीतली वाफ आहे. तेव्हा खिडकी उघडा, वाफेला वाट द्या.

आता स्वतः करावे कधी आणि माणूस बोलवावा कधी? बुरशी थोडी असेल, दहा चौरस फुटांच्या आत, म्हणजे अर्ध्या दाराएवढी, तर आपणच काढावी. नाकातोंडाला मास्क लावा. हातमोजे घाला. आधी भिंत ओली करा, मग साबणाच्या पाण्याने घासा आणि लगेच कोरडी करा. कोरडी बुरशी झाडूने झाडू नका. तिचे बी घरभर उडते. दम्याच्या माणसाला आणि लेकरांना त्या वेळी बाहेर ठेवा. आणखी एक सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचे ॲसिड कधी एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो.

बुरशी त्याहून जास्त असेल, पुन्हा पुन्हा येत असेल, किंवा पुराचे पाणी घरात शिरले असेल, तर जाणता माणूस बोलवा. पण ज्याचे काम त्यालाच द्या. छप्पर गळत असेल तर कौलांचा कारागीर. नळ झिरपत असेल तर प्लंबर. गिलाव्याला गवंडी. ओली भिंत विजेच्या बोर्डापाशी असेल, तर आधी परवाना असलेला वायरमन. तिथे दुसऱ्या कोणी हात घालू नये. रंगारी शेवटी.

आता जाणता माणूस ओळखावा कसा? त्याला पहिलाच प्रश्न विचारा, "पाणी येतं कुठून?" जो लगेच रंगाचा भाव सांगतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. जो छपरावर चढतो, मोरी बघतो, घराभोवती फेरी मारतो, तो खरा. मग विचारा, "दोन पावसाळ्यांपूर्वी कुणाचं काम केलंत?" त्या घरी जा. भिंतीला हात लावून बघा.

मग कागद मागा. त्यावर लिहून घ्या: ओलीचे कारण काय, कोणते काम करणार, सामान किती, मजुरी किती. पैसे हप्त्याने द्या. थोडे पैसे पहिला पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

आमच्या आळीतल्या एक काकू याच वर्गात वाचायला शिकल्या. गेल्या साली त्यांच्या घरी एक माणूस आला. म्हणाला, "बुरशी कायमची घालवतो. इथं अंगठा करा." काकू म्हणाल्या, "थांब बाबा, मला वाचू दे." बोट ठेवून एकेक अक्षर वाचले. कागदावर लिहिले होते, रंगाचे दोन हात. ओलीचे नाव नाही, गळतीचे नाव नाही. काकूंनी कागद परत दिला. मग आम्ही दोघांनी छप्पर पाहिले. तीन कौले फुटलेली निघाली. तेवढ्यावर काम भागले.

तेव्हा आजपासून एक करा. पावसात गळती दिसेल तिथे कोळशाने खूण करा. वहीत लिहून ठेवा. दिवाळीनंतर माणूस बोलवा, म्हणजे भिंतीला वाळायला उन्हाळा मिळेल. आणि कागद वाचल्याशिवाय सही करू नका. अंगठा तर आता नकोच.

घरातल्या लेकराला रात्री नीट श्वास घेता आला पाहिजे. भिंतीचा रंग त्यानंतर.

एवढे बोलून थांबतो. रामराम.