नाकातला खडा : निदान आणि उपचार

नाकाच्या पोकळीत अडकलेल्या वस्तूभोवती वर्षानुवर्षे क्षारांचे थर चढत जातात आणि तिचा खडा बनतो. वैद्यकात त्याला ऱ्हायनोलिथ म्हणतात. बार्थोलिन यांनी १६५४ मध्ये त्याची नोंद केली. डॉक्टरांच्या संघटनेच्या या अध्यक्षीय भाषणाचा वेळ या एकाच विषयाला दिला आहे.

खड्याच्या गाभ्याशी बहुधा बाहेरून गेलेली वस्तू असते : चिंचोका, मणी, बटण, खोडरबराचा किंवा फोमचा तुकडा. क्वचित गाभा शरीरातलाच असतो : नाकात उगवलेला दात, सुकलेली रक्ताची गुठळी, मेलेल्या हाडाचा कपचा. त्यावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे फॉस्फेट व कार्बोनेट साचतात. खडा सहसा नाकाच्या तळाशी, खालचे टर्बिनेट आणि मधला पडदा यांच्यामध्ये बसतो. लहानपणी गेलेली वस्तू कधी विशी-तिशीत सापडते. तोवर रुग्णाला तिची आठवणही उरलेली नसते.

एकाच नाकपुडीतून पू, घाण वास, तीच बाजू चोंदणे, अधूनमधून रक्त, ही लक्षणे. सर्दी आणि ॲलर्जी बहुधा दोन्ही नाकपुड्यांना धरतात. म्हणून मुलाची एकच नाकपुडी घाण वाहत असेल तर आत काहीतरी अडकले आहे असेच धरून चालावे, हे प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेले आहे. ओपीडीत मात्र ते पाळले जात नाही. आधी एक अँटिबायोटिक, मग त्याहून जोरदार, मग स्प्रे. नाकात उजेड टाकून पाहणे राहूनच जाते. हा दोष ज्ञानाचा नाही, सवयीचा आहे, आणि तो वर्षानुवर्षे सहन केला गेला आहे.

अध्यक्षांच्या दीर्घ व्यवसायातली एक तरुणी येथे सांगण्याजोगी आहे. तपासणीच्या खोलीत ती स्टूल मागे सरकवून, पदर नाकाला लावून बसली. वासामुळे घरातही अशीच दूर बसत असे. फाइल जाडजूड होती आणि शेवटच्या कागदावर गाठीची शंका लिहिलेली होती. पातळ सळई आत टेकवताच करकर आवाज आला. भूल देऊन काळपट खडा तुकड्यांत काढला. आत तपकिरी सालीचा चिंचोका निघाला. सीटी स्कॅन आधी की दुर्बीण, या सहकाऱ्यांच्या वादाचे उत्तर या रुग्णाने दिले : आधी दिवा आणि सळई.

स्कॅनचे स्थान त्यानंतरचे, पण महत्त्वाचे. खड्याचा आकार, पडद्याला किंवा टाळूला पडलेले भोक, सायनसमधला पू हे सारे त्यात दिसते. ऑस्टिओमा, बुरशीचा गोळा, कॅल्शियम साचलेला पॉलिप, हाड-कूर्चेचा कर्करोग हेही असेच दिसू शकतात. शंका असल्यास बायॉप्सी करावीच.

लहान खडा जागेपुरती भूल देऊन निघतो. मोठ्यासाठी पूर्ण भूल लागते. श्वासमार्ग सुरक्षित ठेवून दुर्बिणीतून तो फोडावा. तुकडा मागे ढकलू नये, तो श्वासनलिकेत जाऊ शकतो. नंतर सलाइनने धुणे. बाहेरून छेद क्वचितच लागतो. बटण-बॅटरीची शंका असेल तर मात्र थांबणे नाही : एक्स-रेत दुहेरी कडा दिसते, आणि काही तासांत पडद्याला इजा होते. ती तातडीने काढावी.

एकाच बाजूने वाहणाऱ्या नाकाविषयी सर्व कुटुंबवैद्यांसाठी संघटनेने एक पत्रक काढावे. त्याचा मसुदा आणि वाटपाची व्यवस्था नवी कार्यकारिणी ठरवील. तोपर्यंत सभासदांना विनंती एवढीच, की असे मूल समोर आल्यावर औषध लिहिण्याआधी नाकात उजेड टाकून पाहावे.